पुजलेला बैल ट्रकात कसा भरायचा

ट्रक सकाळी सांगितल्या वेळेला आला. आमच्या धंद्यात ही कौतुकाची गोष्ट. पण हदगावच्या बाजार मैदानावर बैल तसाच उभा होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

बैल बांबूचा आणि कापडाचा. दुमजली घराएवढा उंच, जात देवणी, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे डाग. आत शिरून माणसं त्याला चालवतात, मान वळवायला लावतात. संगमेश्वर बिराजदार, म्हणजे आमचा संगू, लातूर जिल्ह्यातल्या त्या देवणी गावचाच. पथनाट्यं करणाऱ्या या पोरानं उभं केलेलं हे पहिलं मोठं काम. गोठे रिकामे झालेल्या गावात एक प्रचंड बैल येतो आणि गाव त्याच्याशी बोलू लागतं, एवढीच गोष्ट.

मी अशा प्रयोगांना कमिशन देणाऱ्या एका संस्थेत प्रोड्युसर आहे. आमच्याकडे कमिशन म्हटलं की लोकांना आडत्याची दलाली आठवते, म्हणून सांगते. काम तयार होण्याआधीच, नुसत्या कल्पनेवर विश्वास टाकून, संस्था कलाकाराच्या पाठीशी उभी राहते. निधी, तालमीची जागा, तंत्रज्ञ, परवानग्या. निधी संस्था देते, बाकीचं सगळं माझ्या गळ्यात. त्यात दौऱ्याचं काम असेल तर एकच नियम: जे उभारलं ते उकलून एका ट्रकात मावलं पाहिजे आणि पुढच्या गावी पुन्हा उभं राहिलं पाहिजे.

पुढचं गाव लातूर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथं आमची निवड समिती प्रयोग बघणार होती. पसंत पडला तर मराठवाडाभर दौरा. बैल पोचलाच नाही तर संगूचं काम हदगावातच संपलं.

घोळ झाला तो आदल्या संध्याकाळी, हदगावच्या प्रयोगात. शेवटच्या प्रसंगात आमची एक नटी बैलाला ओवाळते. आयत्या वेळी संगूला सुचलं, प्रेक्षकांतल्या बायकांनाच ओवाळू द्यावं. मीही मान डोलावली. आमच्या रिपोर्टात प्रेक्षकांच्या सहभागाचा एक रकाना असतो, तो मी मनातल्या मनात भरूनही टाकला. आधी दोघी-तिघी लाजत आल्या, मग रांगच लागली. हळद-कुंकू, खुरांवर पाणी, फुटलेले नारळ. एकीनं घरून भाकरी आणून त्याच्या तोंडाशी धरली. आम्ही सगळे खूश.

सकाळी मी म्हटलं, "चला, उकला." आत शिरून बैल चालवणारी आमची पोरं शेतकऱ्यांच्या घरची. ती मागं सरकली. ट्रक ड्रायव्हर लातूरचा, तो तर बाजूलाच जाऊन बसला. "पुजलेल्या बैलाचे तुकडे मी न्हाई भरणार, मॅडम. मलाबी लेकरंबाळं हायेत."

काल पहिली आरती घेऊन आलेल्या रुक्मिणबाई बैलाच्या पुढ्यातच उभ्या होत्या. साठीच्या, पदर खोचलेल्या. म्हणाल्या, "पुजलेला बैल मोडतेत का कुठं?"

मी संगूकडे वळले. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, मलाच होईना."

आता आली का पंचाईत! मी मुंबईला आमच्या सरांना फोन लावला.

"अहो, नाटकातला प्रॉप आहे ना तो?"

"काल दुपारपर्यंत होता, सर."

"मग अख्खाच न्या."

"वाटेत विजेच्या तारा आहेत."

"बघा काय ते. तुम्ही तिकडच्या आहात," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. तिकडची असल्याचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

मी रुक्मिणबाईंना म्हटलं, "मावशी, उत्तरपूजा करू. गणपतीची करतो तशी."

"गणपती पाण्यात सोडतेत. ह्याला कुठं सोडता?"

तेवढ्यात संगूच पुढं झाला. "माय, बैल इकला तर जातो की न्हाई गावाबाहीर?"

"जातो की. पर दावं न्हाई द्यायचं. दावं घरी ऱ्हातं."

दावं म्हणजे बैल बांधायचा दोर. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, जुनं दावं विकणाऱ्याच्या दारात राहतं, म्हणजे घराची बरकत बैलाबरोबर जात नाही. आणि आमच्या बैलाचा एकूणएक सांधा दोरानंच बांधलेला. नट-बोल्ट करकरतात म्हणून संगूनं तालमीत हट्टानं सुती दोर घ्यायला लावला होता.

संगूनं हात जोडले. "माय, तुमचा बैल मला द्या."

त्या बैलाचा प्रत्येक बांबू त्यानं स्वतः तासला होता, देवणीत पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर घाम गाळून. आणि आता तोच दुसऱ्याची वस्तू मागावी तसा मागत होता.

"नीट सांभाळशील?"

"हाव, माय."

"उन्हात उभा करणार न्हाईस?"

"न्हाई."

"मग ने. दावं ठेवून जा."

संगूनं गळ्याचा दोर सोडून त्यांच्या हातात दिला. मग खांद्याचे, पाठीचे, पायांचे. आजूबाजूच्या बायकांनी एकेक दोर घेतला. दोर सुटत गेले तसा बैल खाली बसत गेला. पोरांनी बांबू उचलले. ड्रायव्हरनं न सांगता ट्रकचा मागचा फाळका पाडला.

हदगाव सुटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे आता दोर नव्हता. लातूरच्या आयोजकांना फोन केला, "भरपूर दोर लागेल, उद्याच." कशाला असं त्यांनी विचारलं, तर सगळी हकीकत सांगावी लागली. ती त्यांनी गल्लीभर सांगितली असावी, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही बांबू मांडेपर्यंत माणसं आपापलं दावं घेऊन हजर. सुती, नायलॉनची, एक तर घुंगरू ओवलेलं. ती घेता घेता उशीर झाला. प्रेक्षक आणि समिती येऊन बसली तरी बैल जमिनीवरच पडलेला. शेवटी संगूनं सगळ्यांसमोर त्याला बांधायला घेतलं आणि दावं आणणाऱ्यांना मदतीला बोलावलं. मान उभी राहिली आणि तिथूनच प्रयोग सुरू झाला.

समितीनं दौरा मंजूर केला. एका सदस्यानं विचारलं, "बैल प्रेक्षकांसमोर बांधायची कल्पना सुरुवातीपासूनची का?" संगू माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "प्रक्रियेतून आली, सर."

दौरा आता सुरू आहे. करारात आम्ही अजूनही लिहितो की कलाकृतीची मालकी कलाकाराची. मुक्काम हलवायच्या सकाळी मात्र संगू गावापुढं हात जोडून आपलाच बैल मागतो, आणि प्रत्येक गाव त्याला सांभाळण्याबद्दल चार गोष्टी सुनावतं. किल्लारीकडच्या एका गावानं तर दुपारपर्यंत हो म्हटलं नाही. तेव्हापासून मी ट्रक सकाळी बोलावत नाही.