हे लोक कुठी राह्यते?

"सदरा काढ," तो म्हणाला.

मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो. माझ्या मागं बावीस पोरं पाट्या घेऊन बसली होती. समोर जीप. नागपूरच्या एका साप्ताहिकाचा फोटो काढणारा माणूस आणि त्याच्यासोबत जंगल खात्याचा बाबू.

मला वाटलं, तो दुसऱ्या कोणाला बोलला. मी म्हणालो, मी या शाळेचा मास्तर आहे. तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "ते कळलं. पण सदऱ्यात फोटो बरोबर दिसत नाही."

बाबू माझ्याकडं पाहून म्हणाला, "काढा ना गुरुजी. साहेब एवढ्या लांबून आले."

आलापल्लीच्या पुढं, सागाच्या जंगलात आमचं गाव. सातवी पास झालेला तिथला मी पहिला माणूस. जंगल खात्याच्या शब्दावर गावातली चूल पेटायची. लाकूड, पानं, मोहफूल, सगळ्याला बाबूची मान हलावी लागायची. मी गुंड्या सोडल्या. सदऱ्याच्या खिशात माझा पेन होता. तो खाली पडू नये म्हणून सदरा मी घडी घालून ठेवला. आजही मला त्या घडीची लाज वाटते.

मग त्यानं माझे केस विस्कटले. कोणाच्या तरी घरून कुऱ्हाड आणवली. कोंबडीचं पीस डोक्यात खोचलं. हसू नको म्हणाला. डोळे मोठे कर म्हणाला. पोरं पाहत होती. मी डोळे मोठे केले.

जीप गेली. मी सदरा घातला आणि पाढे म्हणायला लावले. एकाही पोरानं काही विचारलं नाही. मलाही वाटलं, झालं, संपलं.

संपलं नव्हतं. पाचेक महिन्यांनी आलापल्लीला कामानं गेलो तर बाबूनं ते साप्ताहिक माझ्यापुढं टाकलं. पान भरून मी होतो. खाली माझं नाव नव्हतं, गाव नव्हतं, शाळा नव्हती. लिहिलं होतं, चांद्याच्या अरण्यातला रानटी. यांच्या देवाला अजून माणसाचं रक्त लागतं, असे म्हणतात.

कोण म्हणतात, ते लिहिलं नव्हतं.

बाबू म्हणाला, गुरुजी, तुमी तं नामी झाले. त्याला खरंच वाटत होतं की मला आनंद व्हावा.

त्या साली नदीवर पुलाचं काम निघालं होतं. खांब उभा राहत नाही, पाण्याला लेकरू पाहिजे, अशी बोलवा गावोगाव फिरत होती. लेकरं कोण पळवतं? जंगलातले लोक. पूल आमचा नव्हता, बोलवाही आमची नव्हती. पण बाजारात मी तेल घ्यायला उभा राहिलो की बाया पोरांचा हात धरून बाजूला व्हायच्या. मोटारीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. एकदा एका दुकानात ते पान भिंतीला चिकटवलेलं दिसलं. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि मिठाचं माप खाली ठेवलं. मी मीठ न घेताच निघालो.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत गेलो. सोबत माझी थोरली बहीण, सोमीबाई. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. मोहफुलं वेचून, ओझी वाहून तिनं मला शाळेत ठेवलं होतं.

दुपारची वेळ. वैनगंगेच्या वाळूत माणसंच माणसं. एक चारेक वर्षांची पोरगी एकटी रडत उभी होती. लोक तिला वळसा घालून जात होते. मी तिला उचललं. पोलिसांचा तंबू वर देवळाच्या बाजूला होता, तिकडं निघालो.

वीस पावलं गेलो असेन. एका म्हाताऱ्यानं वाट अडवली.

"पोरीले कुठी घेऊन चालला?"

मी सांगितलं, चुकली आहे, तंबूत देतो. तोवर दहाजण झाले. मग पन्नास. कोणी ओरडत नव्हतं. तेच भयंकर होतं. नुसतं कडं आवळत होतं. मी म्हणालो, "मी मास्तर आहो."

"गोंड अन् मास्तर?" कोणीतरी मागून म्हणालं. आणि दुसरा म्हणाला, हाच तो, पेपरात होता, कुऱ्हाडवाला.

पोरगी माझ्या हातातून ओढून घेतली. पहिला फटका मानेवर बसला. मी वाळूत पडलो. सोमीबाई माझ्या अंगावर आडवी झाली आणि आमच्या बोलीत म्हणू लागली, मारू नका, हा माझा भाऊ आहे. मारू नका, हा माझा भाऊ आहे. पुन्हा पुन्हा तेच.

"मंत्र म्हणून राह्यली," एक बाई म्हणाली.

मग लाठी तिच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पोलीस आले. आम्हालाच धरून तंबूत बसवलं. ऊन उतरेपर्यंत बसलो. पोरीचा बाप आला. पोरीनं माझ्याकडं बोट करून सांगितलं, यायनं उचललं, मी रडत होती. बापानं ऐकलं. माझ्याकडं न पाहता तिला कडेवर घेऊन निघून गेला. शिपाई आम्हाला म्हणाला, जा आता, अन् जत्रेत येत नका जाऊ. ज्यांनी मारलं त्यांची नावं कोणी विचारली नाहीत.

सोमीबाईचा हात वाकडाच जुळला. त्या हातानं तिला घागर उचलत नाही. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली. म्हणाली, तू शिकला म्हणून तुले सोडतील असं मले वाटलं होतं.

ती जत्रा डोक्यात घेऊनच मी शाळेत परतलो. चौथीच्या पुस्तकात एक धडा होता, रानातील लोकांचा. तीन वर्षं मी तो शिकवत होतो. पाठ करून घेत होतो. जत्रेनंतर एके दिवशी एक मुलगी उभी राहून तो वाचत होती. हे लोक आळशी असतात. अंगावर वस्त्र घालत नाहीत. कपटाने लहान मुले धरून आपल्या देवाला बळी देतात.

वाचून झालं. तिनं विचारलं, "गुरुजी, हे लोक कुठी राह्यते?"

हा प्रश्न नवा नव्हता. दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचं. आम्ही स्वतःला कोयतूर म्हणतो, धड्यातलं गोंड हे नाव पोरांच्या ओळखीचं नव्हतं. आणि दर वर्षी मी सांगायचो, लांब, डोंगराच्या पलीकडं. पोरं घाबरून हसायची. मीही हसायचो.

त्या दिवशी मी हसलो नाही. वाळूतलं कडं डोळ्यांपुढं होतं. त्या कड्यातल्या पोरासोरांनीही हाच धडा वाचला असेल. त्यांच्या मास्तरानंही तो पाठ करून घेतला असेल. फोटोवाल्यानं माझा सदरा काढायला लावला, पण मी तीन वर्षं रोज या पोरांचं काय काढत होतो?

मी म्हणालो, "ते लोक म्हणजे आपण. अन् हे लिहिलं ते खोटं आहे."

मुलगी खाली बसली. तिनं पुस्तकाकडं असं पाहिलं, जसं पायाशी काही सरपटत यावं.

पावसाळ्यानंतर डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी नेमका तोच धडा काढायला सांगितला. मी उठून म्हणालो, हा धडा मी पाठ करून घेत नाही. त्यांनी विचारलं, का? मी कारण सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पुस्तक सरकारनं छापलं आहे. तू कोण ठरवणारा?"

"साहेब, ज्याच्यावर लिहिलं तो."

त्यांनी शेरा लिहिला. लेखी माफी मागवली. मी चार पानं लिहून पाठवली. फोटोचं लिहिलं, जत्रेचं लिहिलं, सोमीबाईच्या हाताचं लिहिलं. माफी लिहिली नाही.

बदली झाली. पार सिरोंच्याकडं, जिथं मला कोणी ओळखत नव्हतं. निघताना जंगल खात्याचा तोच बाबू वाटेत भेटला. आवाज खाली करून म्हणाला, "जंगल मोठं आहे गुरुजी. एकटा माणूस कुठी गेला, कोणाले कळत नाई." तो मला धमकावत होता की सांभाळून राहा म्हणत होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

नव्या शाळेतही तेच पुस्तक आलं, तोच धडा. मी तो गाळत नाही. मोठ्यानं वाचून घेतो. मग एकेक वाक्यावर बोट ठेवून विचारतो, हे लिहिणाऱ्यानं तुमचं घर पाहिलं होतं का? तुमच्या आईला भेटला होता का? पोरं नाही म्हणतात. मग त्याच्याखाली काय लिहायचं ते त्यांना विचारतो. ती सांगतात, मी फळ्यावर लिहितो, ती पाटीवर उतरवतात.

हे वरती पोचलं आहे. दुसरी नोटीस आली. या वेळी माफी नाही तर नोकरी नाही, असं त्यात स्पष्ट आहे. दोन दिवसांपासून शाळेसमोरच्या वाटेवर अनोळखी माणसं उभी राहतात, काही न बोलता निघून जातात. सोमीबाई माझ्यासोबत राहते. तिनं विचारलं, आता काय करशील?

मी सांगितलं, माफी लिहिणार नाही. उद्या धडा आहे, तो शिकवीन. ज्यांना यायचं आहे त्यांनी यावं, दिवसाउजेडी यावं, आणि तोंड दाखवून यावं.