सुनिलनं लिहिलेला देवाचा खाना

सुनिल धानोऱ्याकडच्या जंगलगावचा. बारा वर्स गडचिरोलीच्या एका संस्थेत कम्प्युटरवर बसला. गावागावचे लोक जंगलातल्या जमिनीवर हक्क मांगतात, त्यायची सगळी माहिती तो भरे. लगन नाई केलं. भाड्याची खोली, भात रांधाले एक गंज, एक ताट. बहीन सोमारी फोन करे, "काय काम करतं रे तू?" तो म्हने, "माहिती कुठी ठेवली, ते लिहून ठेवतो." ती हासे, "मंग अशी लपवतंच काऊन?" तो बी हासे. याच्याहून जास्त कधी कोनी इचारलं नाई त्याले.

श्रावनात ताप डोक्यात चढला आन सुनिल वारला. महिन्यानं सोमारी संस्थेत त्याचं सामान न्याले आली, तं त्याच्या खुर्चीवर दिव्या बसली होती, चंद्रपूरची नवी पोरगी.

"बाई, तुमच्या भावानं कम्प्युटरातल्या माहितीच्या टेबलात 'देव' नावाचा खाना, म्हंजे रकाना, करून ठेवला. नुस्ते आकडे, सहा, सात, चार. मूर्त्या मोजे का तो? काढून टाकून राह्यली मी आज."

सोमारी पुढं सरकली. "नोको पोरी! आमच्यात कोनी सहा देवाचे, कोनी सात देवाचे, त्या आकड्यावरून घरानं वळखतात. आमच्या गावात दोन लच्छू. दोघायच्या बापाचं नाव वारलू, आन कचेरीतल्या जुन्या बाबूनं आडनाव बी एकच लिहून देल्लं. तो खाना गेला तं दोघायचा एक होईन, एकाची जमीन जाईन."

"हे लिहिलं हाये का कुठी? तोंडी नाई मानत साहेब."

सोमारीजवळ काय कागद? दिव्या मशीनकडं वळली. "थांबा, मशीनले इचारते. कोनते टेबल हायेत, त्यात कोनते खाने, ह्याची यादी मशीन सोताच एका टेबलात ठेवते. खान्यापुढं चिठ्ठी बी लिहिता येते. म्या कधी उघडलीच नाई."

उघडली. वाचली.

"देव. ह्या मूर्त्या नाई. घरान्याचे देव. दोन लच्छू ह्यानंच येगळे कळतात. काढू नोका."

दिव्यानं माऊसवरचा हात काढला. "राहू देते, बाई."

खाली चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. दीडशे तरी असतीन.

"त्याचं नाव हाये का तिथी?" सोमारीनं इचारलं.

"नाई. खाना कशाचा ते सांगते मशीन. चिठ्ठी कोनं लिहिली ते नाई सांगत."

सोमारी पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"आनखी एक वाच."

"पाडा. शाळेच्या पाटीवरलं नाव नोको. लोक म्हनतात ते लिहा."

"आनखी."

दिव्या वाचत राह्यली.