दाढी ओळखणारे

देवराज मोहल्ल्यातले आमचे सलूनवाले गालावर उलटं बोट फिरवून वाढलेली दाढी ओळखतात. "ही आळसाची, ही फॅशनची." आपण कधी चुकत नाही, याचा त्यांना भारी अभिमान. स्वतःचा चेहरा मात्र रोज गुळगुळीत.

अप्पा गेल्यावर आठव्या दिवशी कॉलेजात शिकवायला जायचं म्हणून मी सलूनच्या खुर्चीत जाऊन बसलो. त्यांनी गालाला बोट लावलं आणि वस्तरा मिटला.

"बेडा सामी, नको. ही सुतकाची. दहाव्याला नदीवर मीच येऊन उतरवतो. अप्पांची तीस वर्षं मीच केली, अल्लवा, हो ना?"

मी आरशात पाहिलं. त्यांच्या हनुवटीवरही आठ दिवसांचे खुंट होते. त्यांना आमचं सुतक लागत नव्हतं. अप्पांचा मुलगा असल्याचा इतका अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता.