ढोलीतली बारोलो

भंडारा जिल्ह्यात तांदूळ ओळखणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण इटलीच्या तांबड्या वाइनी भाताच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. उमेदीची सारी वर्षं भाऊजींनी प्रवासी जहाजावर लोकांच्या पेल्यांत वाइन ओतण्यात घालवली आणि मग करडीला, आपल्या गावी, परत येऊन धान लावलं. नाक मात्र जहाजावरचंच राहिलं. एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याचा पेला गोल फिरवून इतका वेळ हुंगला, की यजमानांनी घाबरून अख्खं पातेलं बदललं!

"बापू, किआंती म्हणजे आपला रोजचा एचएमटी तांदूळ," ते मला सांगत. "भाजी कोनतीबी असो, निभावून नेते. दक्षिणेची प्रिमितिवो उन्हात पिकलेली, गोडबोली. पयल्याच भेटीत गळ्यात पडते. पन बारोलो म्हणजे जुना, वासाचा चिन्नोर. नवा खाल तं पोट धरून बसाल. थांबाले पायजे." माणसांनाही ते याच मापानं मोजत. मला किआंतीत बसवल्याचा राग मी अजून धरून आहे.

अशी एक बारोलोची बाटली त्यांनी घरच्या ढोलीत, म्हणजे धान साठवायच्या कणगीत, राशीखाली पुरून ठेवली होती. दुसरीकडे ठेवायची सोय नव्हती, कारण त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पक्की माळकरी. बाई त्या बाटलीबद्दल बोलत नसत आणि जहाजावरच्या वर्षांबद्दलही त्यांनी कधी चकार शब्द विचारला नव्हता. भाऊजींना तेच लागून राहिलं होतं. आपलं अर्धं आयुष्य घरात कुणालाच ठाऊक नाही, असं ते एकदा मला म्हणालेही होते.

यंदा ढोली रिकामी करायला मीही गेलो होतो. तेव्हा बाईंनी स्वतःच बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "उघडा जी. पेनार नाही मी, पन वास घेईन. एवढी वर्षं तुमी काय हुंगत होते, पाहू द्या मले."

भाऊजी बाटलीवरचा भुसा पुसू लागले. "हिले गुलाबाचा वास येते. अन् डांबराचा."

"डांबर कायले हुंगाचं जी?"

बूच निघालं आणि नाकाला झोंबला तो निव्वळ सिरका! भंडाऱ्याच्या उन्हाळ्यांपुढे बारोलोचं काही चाललं नव्हतं. भाऊजींचा चेहरा पडला. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, थोडी पेल्यात ओतली आणि पेला नाकाशी नेला.

"येते जी," त्या म्हणाल्या. "गुलाबाचा येते. डांबराचा थोडा कमी."

भाऊजींच्या नाकाला फसवणं कुणालाच शक्य नव्हतं. तरी भाऊजी "हो ना?" म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. मी हळूच चपला घातल्या. मागे बाई विचारत होत्या, "अन् तिकडं तुमाले रांधून कोन देत होतं जी?"