भाऊबीजेला मागितलेली रक्ततपासणी

रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. आगाशीच्या वाडीत हंसा वर्तक सोललेली राजेळी केळी उन्हात बांबूच्या मांडवावर पसरत आहेत. वाळली की ती सुकेळी म्हणून बाजारात जातील. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. २००० साली स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून.

"उजवा आहे ना," त्या म्हणतात.

त्यांच्या दोन्ही आत्या याच आजाराने पन्नाशीच्या आत गेल्या. म्हणून गेल्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी हंसाताईंच्या रक्तातली जनुकं तपासली. पिढीजात दोष सापडला. आजारी माणसात दोष नेमका कुठे आहे हे कळलं, की घरातल्या निरोगी माणसाच्या रक्तात तोच शोधता येतो. सापडलाच, तर नियमित तपासण्या करून गाठ लहान असतानाच पकडायची.

घरात मुलगी एकच. भाऊ शत्रुघ्न यांची संजना, वय चोवीस, वालीवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. शत्रुघ्न यांचं म्हणणं ठाम होतं: बायकांचा रोग, बापाकडून पोरीला जाईलच कसा? जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच.

यंदा भाऊबीजेला ते लेकीला घेऊन बहिणीकडे आले, पाटावर बसले.

"ताई, साडी आणलीय. रंग बघ."

"साडी राहू दे. ओवाळणीत संजनाची तपासणी दे."

"सणासुदीला रक्ताच्या गोष्टी काय काढतेस?"

"आपल्या आत्या काय सण बघून गेल्या?"

"लग्न होऊ दे तिचं, मग बघू."

"तोवर गाठीला थांब म्हणून सांगतोस? तुझं ऐकेल ती?"

शत्रुघ्न उठायला लागले. दारातून संजना म्हणाली, "बाबा, बसा. रक्त माझं आहे, मी देणार. स्थळ आलं की त्यांना मीच सांगेन."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर दुसरं बघू. नाहीतर बघायचंच नाही."

शत्रुघ्न ओवाळून न घेताच गेले. विसरलेली साडी हंसाताईंनी दुसऱ्या दिवशी परत पाठवली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

"बोलणं बंद झालं म्हणून कुणी मरत नाही," हंसाताई म्हणतात.

निकाल काय येईल हे कुणालाच माहीत नाही. रक्त अजून द्यायचं आहे. मुंबईच्या रुग्णालयात नमुने घेण्याची खिडकी सोमवारी साडेआठला उघडते. संजनाने उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. दुपारी दोनला तिला वालीवला कामावर हजर व्हायचं आहे.