गाठीचा कच्चा माल

डॉक्टरांनी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. मी खिशातून माझा कागद काढून ऐटीत त्याच्यावर ठेवला. कंपनीच्या वार्षिक तपासणीतला.

"साहेब, कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल आहे माझं. हा रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असंल."

सुमननं, माझ्या बायकोनं, तो कागद उचलून पर्समध्ये कोंबला.

मोठ्या आतड्याच्या टोकाचा कॅन्सर होता. दोन महिने रक्त जात होतं आणि मी मूळव्याधीचं चूर्ण खात बसलो होतो.

"रक्तातलं कोलेस्टेरॉल वेगळं," डॉक्टर म्हणाले. "पेशीत जीन्स असतात. जीन म्हणजे पेशीला मिळालेला हुकूम. कोलेस्टेरॉल बनवा, बाहेरून ओढा, असेही हुकूम असतात. काही कॅन्सरमध्ये ते थांबतच नाहीत. नव्या पेशीची भिंत बांधायला कोलेस्टेरॉल लागतं ना."

मी चितेगावच्या कारखान्यात सुपरवायझर. कच्चा माल अडवला की लाईन बंद, एवढंच शास्त्र मला येतं. पुढचं ऐकलंच नाही. घरी येऊन मेव्हण्यानं दौलताबादहून आणलेला तुपाचा डबा मोरीत उपडा केला. अंडी भिंतीवर फोडली.

ऑपरेशनआधी केमो, म्हणजे शिरेतून द्यायचं कॅन्सरचं औषध, सुरू झाली. पोटात कुणी बुटानं लाथा घालतंय असं वाटायचं. ओकून ओकून घसा सोलला, तोंड आतून फाटलं. मी मात्र खूश, गाठ उपाशी मरतेय म्हणून! अकरा किलो उतरलो.

एका दुपारी खिचडीला तुपाचा वास आला.

"तूप घातलंस?"

"चमचाभर. आरशात बघा जरा, नुसती हाडं राहिलीत."

"मारायला निघालीस व्हय मला?"

आणि ताट भिरकावलं. हात निसटला असं सांगायची सोय नाही, तिच्यावरच मारलं. कड भुवईवर बसली. रक्त डोळ्यात, गळ्यावर, सांडलेल्या खिचडीत.

माझ्याच हॉस्पिटलात तिला टाके पडत होते. डॉक्टर आले, सगळं ऐकलं आणि माझ्यावर खेकसले, "तुमची गाठ कोलेस्टेरॉल आतल्या आत बनवते. तूप सोडून ती मरत नाही, मरताय तुम्ही! वजन आणखी उतरलं तर पुढची केमो देता येणार नाही."

हे मी ऑपरेशननंतर लिहितोय. तुमच्या घरात हा आजार आला तर डॉक्टरांचं वाक्य पूर्ण ऐका. काय खायचं, काय सोडायचं, त्यांनाच विचारा. गाठीवरचा राग भाकरी वाढणाऱ्या माणसावर काढू नका. मी काढला. त्याला माफी पुरत नाही.

त्या दिवशी रिक्षात मी सुमनचे पाय धरायला वाकलो. तिनं खांद्याला धरून मला सरळ बसवलं. पट्टीखालचा डोळा सुजून मिटला होता. दुसरा माझ्यावर रोखून म्हणाली, "आजारी माणसाशी मी भांडत नाय. घरी जाऊन गपगुमान जेवा, धडधाकट व्हा. मग ह्या टाक्यांचं लई बोलायचंय मला. तोवर मेलात तर बघा!"