वरून दाबायची फळी

कारखान्यात त्यांना सगळे मिलिमीटरराव म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. टोमण्यालाच पदवी समजून मिरवणारी काही माणसं असतात, त्यातले हे. उंची सहा फूट दोन इंच, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली आणि जिभेवर सदैव एकच शब्द: रेषा. दुकानांसाठी फळ्या आणि रॅक बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाकीचे लोक पगारासाठी काम करत, मिलिमीटरराव रेषेसाठी करत. पगार मात्र तेही वेळेवर घेत.

तीन वर्षं खपून त्यांनी एक भिंत तयार केली होती. गुळगुळीत लाकडी पॅनेल, त्यांत हातभर अंतरावर उभ्या खाचा आणि खाचांच्या आत सौम्य वीज, बोट लागलं तरी झटका न बसणारी. फळीच्या मागे दोन आकडे. ते खाचेत अडकवायचे, फळी वरून तळव्याने दाबायची, 'टक्' असा आवाज होतो आणि फळीच्या पोटाखालचा दिवा लागतो. वायर नाही, स्क्रू नाही, पाना नाही. आज बूट मांडा, उद्या फळी काढून आरसा लावा, परवा टांगायची दांडी. वस्तू देखणी होती, उगाच कशाला नावं ठेवा? नावं ठेवायची जागा पुढे येतेच आहे.

माहितीपत्रकावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'कोणीही, कुठलीही फळी, एका हाताने.' चाचणी दोनशे वेळा घेतली. दोनशेही वेळा हा 'कोणीही' एकच माणूस होता आणि त्याची उंची सहा फूट दोन इंच होती.

जुन्या फिटरकाकांनी एकदा तोंड उघडलं होतं. काका अंगाने बुटके. "साहेब, वरच्या तीन फळ्या माझ्या डोक्याच्या वर जातात. मी वरून दाबू कसा? पुढच्या कडेला खाली वळलेला बोटभर ओठ काढा, म्हणजे खालून ओढून बसवता येईल."

"ओठ?" मिलिमीटररावांना कोणी शिवी हासडल्यासारखं झालं. "काका, रेषा जाईल."

"रेषा जाईल, पण फळी बसेल."

"तुम्ही फिटिंगचं बघा."

ज्याला कळतं त्याला बोलवायचं आणि तो बोलला की गप्प करायचं, याला त्या कारखान्यात चर्चा म्हणत.

घरीही कारभार हाच. स्वयंपाकघरातल्या फळ्या त्यांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः ठोकल्या होत्या, आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, एका रेषेत. बायकोने त्याच आठवड्यात एक स्टूल आणलं. स्टूल मधे येतं म्हणून मिलिमीटरराव ते रोज टेबलाखाली सरकवत आणि ती रोज बाहेर ओढत असे. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या स्टुलाबद्दल केलेला विचार तेवढाच.

मग चाळीस दुकानांची एक मालकीणबाई भिंत बघायला यायची ठरली. कारखान्याच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं, "तिला पटली तर भिंत चालू. नाही पटली तर भिंत गोदामात आणि तुम्ही परत पत्र्याच्या रॅकवर." भोकंभोकं पाडलेले ते पत्र्याचे रॅक! मिलिमीटररावांच्या तोंडचं पाणी पळालं.

मालकीणबाई आली ती एकटी नाही. बरोबर तिच्या दुकानांतली सगळ्यात जुनी विक्रेती होती, पन्नाशीची, खांद्याला पर्स, पायात सपाट चपला. "फळ्या मी नाही हलवणार, या हलवणार," बाई म्हणाली. "यांनाच लावू द्या."

मधली फळी टक्कन बसली. दिवा लागला. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मग वरची. विक्रेतीने आकडे कसेबसे अडकवले, टाचा उंचावल्या, बोटांच्या टोकांनी फळी चाचपली. फळी तिरकी झाली, दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा एकदा. पुन्हा तेच.

"टाचा जरा आणखी उचला ना, ताई," मिलिमीटरराव म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकून आहोत. इथे अंगण वाकडं बांधणाराच नाचणारीला बोल लावत होता. शेवटी न राहवून ते पुढे झाले आणि एका हाताने फळी दाबली. टक्. "बघा! किती सोपं आहे!"

"सोपंच आहे, साहेब," विक्रेती म्हणाली. "तुम्ही दुकानात रोज किती वाजता याल?"

फिटरकाकांना खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

"एखादं स्टूल मिळेल का?" विक्रेतीने विचारलं. स्टूल आलं, ती चढली, फळी बसली. मालकीणबाईने माहितीपत्रक उचलून वाचलं. "कोणीही, एका हाताने. आणि दुसऱ्या हाताने स्टूल ओढत न्यायचं, असंच ना? आठ दिवस देते."

त्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायको स्टुलावर चढून डबा काढत होती. ते दारातच उभे राहिले. लाज वाटली, चांगलीच वाटली. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पडशील."

"अकरा वर्षांत दोनदा पडले," ती म्हणाली. "तुम्ही कामावर होता."

दुसऱ्या दिवशी ते काकांकडे गेले. माफीबिफी काही मागितली नाही, एवढा चमत्कार कुठला. "तो ओठ किती ठेवायचा?" असं मात्र विचारलं. सातव्या दिवशी ओठवाली फळी आणि पॅनेलचा एक उभा तुकडा घेऊन ते घरी आले. तुकडा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला, वीज जोडली आणि बायकोला हाक मारली. तिने एका हातात चहाचा कप तसाच धरून दुसऱ्या हाताने डोक्यावरची फळी अडकवली, खाली ओढली. टक्. दिवा लागला. चहाचा थेंब सांडला नाही.

मिलिमीटररावांनी सवयीने पेन्सिल काढली. वहीत लिहायला आकडा नव्हता.

"अगं, तुझी उंची किती?"

"चार फूट अकरा."

"एवढीच? मला जास्त वाटायची."

"वाटणारच," ती चहा पीत म्हणाली. "अकरा वर्षं मला स्टुलावरच बघताय ना."